जिप्सीच्या फ्लोअरला आतून लायनर मारायचंय : रोलर की स्प्रे? बजेट ८,०००

रंकाळा_जिप्सी
नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी, लांब चेसिस, सॉफ्ट टॉप, एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग. आतली जुनी मॅट काढली तर ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढा पत्रा कुजलाय, स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार. मागं डाव्या व्हील आर्चच्या मुळाशीही गंज आहे, पण तो वरवरचा वाटतोय. बाकी फ्लोअर ठणठणीत.

पत्र्याचं काम डेंटरकडं होईल, तो खर्च वेगळा धरलाय. त्यानंतर आतून लायनर, म्हणजे पत्रा जपणारा जाड दाणेदार थर, किंवा जे काही मारायचं त्यासाठी ८,००० रुपये आहेत, त्यात प्रायमर, पॉलिश पेपर, मास्किंग सगळं आलं. वापर रोज शेताकडं, पावसाळ्यात गगनबावडा-राधानगरी. चिखल, पाणी, अधूनमधून खताची पोती. रोलरनं घरीच होईल का, की स्प्रे करून घ्यावा? आणि आत्ताच करू की पाऊस संपल्यावर?

थारवाला_ताराबाई_पार्क
स्प्रेच करा, दुसरं काही बघू नका. रॅप्टर ब्रँडच्या लायनरचं चार लिटरचं टू-पॅक (माल आणि हार्डनर मिसळून वापरायचं) किट घ्या. चार बाटल्या येतात, प्रत्येकीत ७५० मिली माल असतो, त्यात २५० मिली हार्डनर ओतायचा, दोन मिनिटं जोरात हलवायचं आणि बाटली सरळ गनला लावायची. गन साधी पेंटची नाही, जाड माल मारायची शुट्झ गन लागते. हवा ३ ते ४ बार, अंतर ४०-५० सेंमी. अंतर आणि हवा कमी-जास्त केली की दाणा बदलतो. एक कोट, तासाभरानं दुसरा. माझ्या थारला आतून हेच आहे, होजपाइप लावून धुतो.

रंकाळा_जिप्सी
थारवाले दादा, आभारी आहे. पण ते किट, गन आणि मजुरी धरून ८,००० मध्ये बसत नाही.

थारवाला_ताराबाई_पार्क
एकदाच खर्च होतो. गाडीपेक्षा लायनर महाग वाटत असेल तर अजून थोडं थांबा, पण स्प्रेच करा.

पत्रा_पुट्टी
लायनर राहू द्या बाजूला, आधी पत्र्याचं नीट होऊ दे. तळहाताएवढं भोक दिसतंय म्हणजे खराब पत्रा त्याच्या दुप्पट धरा. पिना-हातोडीनं ठोकत बाहेर जायचं, खणखणीत आवाज येईल तिथपर्यंत कापायचं. ठिगळाला १८ गेजचा पत्रा पुरे, म्हणजे १.२ मिमी. डेंटर १६ गेज लावतो म्हणाला तर नको म्हणा. जुना पत्रा पातळ, नवा जाड, वेल्डच्या कडेनं जुनाच जळून जातो.

वेल्डिंग सीओटूनंच (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातलं तारेचं वेल्डिंग). सलग शिवण ओढायची नाही, टाके टाकत जायचं, एक इकडं एक तिकडं, नाहीतर फ्लोअर कढईसारखा वाकतो. मागच्या भागात आर्चजवळ वेल्डिंग करायचं असेल तर पेट्रोलची टाकी काढूनच. ती मागच्या फ्लोअरखालीच आहे. एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनचं) मॉडेल असेल तर बॅटरीची वायर आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर दोन्ही सोडवायचे.

भोकावर लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारून देतात, ते चालवून घेऊ नका. लांबी पाणी पिते, आतून फुगते आणि वरचा लायनर तिच्यासकट सुटतो. वेल्डवर खालून-वरून दोन्हीकडनं पीयू (पॉलियुरेथेन) सीम सीलर, म्हणजे जोड बुजवायचा माल, ओढायचा. वरून ओढला आणि खालचा विसरला तर चाकाचं पाणी जोडात बसतं.

अजून एक, जुन्या जिप्सीला हे काम पुन्हा निघतंच. लायनर मारलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं म्हणजे आधी तो ग्राइंडरनं खरवडून काढावा लागतो. राहिला तर जळताना विषारी धूर होतो, कुठला डेंटर खुशीनं हात लावत नाही.

मेजर_५४०
एवढी उठाठेव कशाला? खालून मारतात ते काळं डांबरी अँटीरस्ट आतूनच मारून घ्या. आमच्या महिंद्राला आतून-बाहेरून तेच आहे, पत्र्याला काय झालं न्हाई. आठ हजारांत चार गाड्या होतील.

रंगकाम_कागल
मेजरभाऊ, खालून ठीक आहे, आतून नको. डांबरी कोटिंग उन्हात मऊ पडतं. सॉफ्ट टॉप उघडा ठेवून गाडी मे महिन्यात उभी केली की बुटाला लागतं, तिथून सीटवर आणि कपड्यांवर. पेट्रोल-डिझेल सांडलं की विरघळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नंतर त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. उद्या यांना पीयू लायनर मारावासा वाटला तर आधी अख्खं डांबर हीट गन आणि पट्टीनं खरवडावं लागेल, उरलेलं टर्पेंटाइननं पुसावं लागेल, मग पुन्हा थिनर. कंपनीचे आवाज दाबायचे डांबरी पॅड फ्लोअरवर असतील तर तेही असेच काढायचे. पॅडच्या वरून लायनर मारून उपयोग नाही, गंज पॅडखालीच असतो.

मेजर_५४०
आमचं सुटलेलं न्हाई, एवढंच सांगतो.

शिरोली_कास्टिंग
गंज हातानं घासत बसण्यापेक्षा बॉडी उचलून शॉट ब्लास्टिंगला टाका. शिरोली, गोकुळ शिरगावात फौंड्र्यांकडं मशीन आहेत, ओळख असेल तर काम दुपारच्या आत होतं. एकदम पांढरा पत्रा मिळतो.

पत्रा_पुट्टी
ते मशीन कास्टिंगसाठी आहे हो. स्टीलचे छर्रे बिडावर मारायला ठीक, गाडीच्या एक मिलीमीटरच्या पत्र्यावर मारले तर पत्रा ताणतो आणि पोट येतं, परत सरळ होत नाही. ब्लास्टिंग करायचंच तर बारीक गार्नेट, कमी दाब, आणि त्यात हात बसलेला माणूस पाहिजे. ब्लास्ट केलेला उघडा पत्रा पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो, त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे. यांच्या कामाला ग्राइंडरवर कप ब्रश आणि ८० नंबरचा पेपर पुरे.

शिरोली_कास्टिंग
दाब कमी करता येतो. पण ठीक आहे, पातळ पत्र्याचं मान्य. सीटचे ब्रॅकेट, जेरीकॅनचा स्टँड, बॅटरी ट्रे हे तरी ब्लास्ट करून पावडर कोटिंगला द्या, ते झकास होतं. पावडरची भट्टी १८० ते २०० अंशांची असते, त्यामुळं रबर बुश, प्लास्टिक काढून द्यायचं.

घाटमाथा
स्प्रेच चांगला. रॅप्टर घ्या. बाहेरून पण मारा, मडगार्डला आणि बॉनेटला, ओरखडे दिसत नाहीत.

उचगाव_ऑटो
बाहेरून रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. पांढऱ्या गाडीचं सगळं अंग काळं केलं तर आरटीओला कळवावं लागेल.

घाटमाथा
टिंट करता येतो ना. किटमध्ये टिंटेबल पण मिळतं, गाडीच्याच रंगाचा बेसकोट १० टक्क्यांपर्यंत मिसळायचा.

उचगाव_ऑटो
मग चालेल. पण त्यांनी आतल्या फ्लोअरचं विचारलंय.

रंगकाम_कागल
मूळ प्रश्नाकडं येतो. जरा लांबण लागेल.

रोलर की स्प्रे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न पत्रा किती स्वच्छ आणि किती कोरडा. लायनर सुटतो तेव्हा बहुतेक वेळा माल चांगलाच असतो, खालची तयारी कच्ची असते.

सीट, सीटबेल्ट, गिअरचा बूट, हँडब्रेकचं कव्हर सगळं काढा. बोल्टच्या भोकांत जुने बोल्ट उलटसुलट करून बसवून ठेवा, नाहीतर आटे लायनरनं भरतात आणि नंतर टॅप मारावा लागतो. सीटबेल्टच्या बोल्टाखाली आणि अर्थिंगच्या ठिकाणी लायनर येऊ द्यायचाच नाही, तिथं पत्र्याला पत्रा लागला पाहिजे. जाड मऊ थरावर बोल्ट आवळला की थर दबतो आणि काही दिवसांनी बोल्ट सैल होतो.

मग घासण्याआधी तेल काढायचं. लोक उलटं करतात, आधी घासतात. त्यानं तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. डीग्रीझरनं धुवा, वाळू द्या, पाणी शिंपडून बघा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब होऊन बसलं तर तेल किंवा डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन आहे, पुन्हा धुवा. सिलिकॉन राहिलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि वरून कितीही कोट मारले तरी ते भरत नाहीत.

घासल्यावर जिथं खड्ड्यांत गंज उरेल तिथंच रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं द्रावण), सगळीकडं नाही. फॉस्फोरिक ॲसिडवाला असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणं धुवून किंवा पुसून पूर्ण काढा. ॲसिडचा अंश राहिला की त्यावर इपॉक्सी धरत नाही. मग टू-पॅक इपॉक्सी प्रायमर दोन हात. तो वाळला की जोडांवर सीम सीलर, मग लाल स्कॉच ब्राइट किंवा १८० नंबरचा पेपर मारून चकाकी घालवायची आणि त्यावर लायनर. साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरवर टू-पॅक लायनर मारू नका, खालचा थर सुरकुततो.

आता मालाचा हिशेब. जिप्सी बाहेरून १५४० मिमी रुंद आहे, आतला तळ समोरच्या उतारापासून टेलगेटपर्यंत साधारण ३ चौरस मीटर निघतो. त्यात गिअरबॉक्सवरचा बोगदा, व्हील आर्च आणि बाजूचे पत्रे एक वीत उंचीपर्यंत धरले की साडेपाचच्या आसपास. चार लिटरचं किट एका कोटाला साधारण ११ चौरस मीटर जातं, म्हणजे दोन कोटांत तुमचा तळ बरोबर होतो, शिल्लक काही राहत नाही. बाजूचे पत्रे वरपर्यंत घ्यायचे ठरवलं तर माल कमी पडणार. इपॉक्सी प्रायमर ५० टक्के सॉलिडचा (वाळल्यावर निम्मा उरणारा) असेल तर ५० मायक्रॉनला लिटरमागं १० चौरस मीटर, दोन हातांना साधारण १.१ लिटर, वाया जाणारा धरून दोन लिटर आणा.

पावसाचं विचाराल तर आत्ता नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे, टाचणीएवढी भोकं पडतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या) ३ अंश तरी वर पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं सकाळी पत्र्यावर हात ठेवला तर दमट लागतो, तेव्हा मारलेला माल दिसायला चांगला आणि चिकटायला कच्चा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी उत्तम. मेमध्ये दुपारी पत्रा तापलेला असतो, मिसळलेला माल तासाभराऐवजी निम्म्या वेळातच घट्ट व्हायला लागतो, तेव्हा सकाळी करा.

कणेरी_रोलर
रोलरनं घरी होतं, आणि ८,००० मध्येच होतं. किट आणायचंच न्हाई. टू-पॅक पीयू पेंट दीड लिटर, त्यात रबराचा भुगा. टायर रिमोल्ड करणाऱ्यांकडं घासलेला भुगा पोत्यानं पडलेला असतो. तो जसाच्या तसा टाकायचा न्हाई, त्यात लांब तारा असतात. चहाच्या गाळणीतनं गाळून खाली पडेल तो घ्यायचा, उन्हात वाळवायचा. लिटरला १५० ते २०० ग्रॅम. जास्त टाकला तर रंग भुग्यालाच लागतो, पत्र्याला धरायला उरत न्हाई, मग बुटाखाली दाणे निघतात.

पहिला हात भुग्याशिवाय, ब्रशनं, कोपऱ्यात आणि बोल्टांभोवती. तो चिकटसर असतानाच दुसरा भुग्याचा हात रोलरनं, तिसरा पुन्हा साधा, दाणे बांधून टाकायला. रोलर मोहेअरचा घ्या. स्पंजचा रोलर थिनरनं फुगतो आणि त्याचे तुकडे रंगात राहतात. भुगा तळाला बसतो म्हणून दर पाच मिनिटांनी काठीनं ढवळा.

वाळू टाकू नका. काही जण टाकतात. धरते, पण गुडघा टेकला की पँट फाटते आणि खताची पोती ओढली की पोतं फाटतं.

थारवाला_ताराबाई_पार्क
रिमोल्डचा भुगा टाकून लायनर होत नाही. त्या भुग्यात काय काय असतं.

कणेरी_रोलर
रबर असतंय. विकतच्या लायनरमध्ये पण रबराचेच दाणे असतात, हर्क्युलायनरचा डबा उघडून बघा.

रंगकाम_कागल
कणेरीकरांची पद्धत चालते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. पीयू ॲलिफॅटिक घ्या, ॲरोमॅटिक उन्हात पांढुरका पडतो, आणि सॉफ्ट टॉपमध्ये ऊन थेट आत येतं. दुसरं, हार्डनरचा डबा दुकानातच उघडून बघा. पाण्यासारखा स्वच्छ पाहिजे. दुधाळ दिसला किंवा तळाला जेली असली तर दमट हवा आत गेलेली आहे, परत करा. लक्ष्मीपुरीत सुटा भरून देतात तो हार्डनर या कामाला घेऊ नका, सीलबंदच घ्या.

सीपीआर_परिसर
कुणीच मास्कचं बोललं नाही म्हणून लिहिते. आयसोसायनेटनं दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढं थोड्याशा वाफेनंही त्रास होतो. कापडी किंवा सर्जिकल मास्क यात निरुपयोगी. स्प्रे करणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क योग्य, रोलरनं करताना निदान ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर तो सील होत नाही. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. घरात आधीपासून कुणाला दमा असेल तर त्यानं त्या दिवशी अंगणातही थांबू नये. हातावर लागलं तर थिनरनं पुसू नका, साबण-पाण्यानं धुवा.

घाटमाथा
रोलरनं फवारा उडत नाही, त्यामुळं घरी करणाऱ्याला रोलर बरा. बाकी फिनिश स्प्रेचंच चांगलं येतं.

उचगाव_ऑटो
मास्किंग टेप केव्हा काढायची तेही सांगा यांना. शेवटचा कोट चिकटसर असताना काढायची. कडक झाल्यावर ओढली तर कड फाटते, आणि फाटलेल्या कडेतनं पाणी खाली जातं. सीट दोन दिवसांनी, पाण्यानं धुणं आठवड्यानंतर.

रंकाळा_जिप्सी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन-तीनदा वाचलं. निर्णय घेतलाय, आणि तो कुणालाच पटणार नाही असं दिसतंय.

लायनर मारतच नाही. ना स्प्रे, ना रोलर. पत्रा_पुट्टी दादांनी पहिल्याच उत्तरात लिहिलं की या गाडीला पत्र्याचं काम पुन्हा निघणारच. तेच डोक्यात बसलं. जाड थराखाली गंज सुरू झाला तर भोक पडेपर्यंत दिसणार नाही, आणि दिसल्यावर दुरुस्तीला आधी थरच खरवडायचा. माझ्या वापरात पोटॅशची पोती असतात, ते क्लोराइड आहे, कुठं ना कुठं ओरखड्यातनं खाली जाणार. म्हणून दिवाळीनंतर दोन हात इपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीम सीलर, वर फिकट राखाडी पीयू पेंटचे दोन हात, साधे, भुग्याशिवाय. फिकट रंगावर गंजाचा ठिपका लगेच दिसतो. त्याच्यावर न चिकटवलेली रबरी मॅट, गोठ्यात म्हशींखाली घालतात ती. खालून नाल्या असतात, पाणी वाहून जातं. दर पावसाळ्यानंतर मॅट उचलायची, बघायचं, लागेल तिथं ब्रशनं रंग लावायचा. तोपर्यंत, म्हणजे पाऊस संपेपर्यंत, ठिगळ मारून नुसता प्रायमर ठेवतो.

थारवाला_ताराबाई_पार्क
दोन वर्षांत पुन्हा इथंच विचारायला याल. रंग ओरखडतो, लायनर ओरखडत नाही. तुमची गाडी, तुमची मर्जी.

मेजर_५४०
म्हशीची मॅट भारी. मी पण मागच्या हौद्यात टाकतो.

पत्रा_पुट्टी
निर्णय बरोबर आहे. पण नुसत्या प्रायमरवर पावसाळा काढू नका. इपॉक्सी प्रायमर पाणी बऱ्यापैकी अडवतो, पण उन्हात वरून पिठासारखा होतो आणि त्यावर नंतरचा रंग धरत नाही. ठिगळ मारल्यावर उघडीप बघून वरून एक हात कसलाही एनॅमल मारून ठेवा. दिवाळीनंतर तो पूर्ण घासून काढूनच पीयू मारायचा, एनॅमल टू-पॅकखाली राहिला तर सुरकुततो.

उचगाव_ऑटो
गोठ्याची मॅट फक्त मागच्या हौद्यात टाका. ती १५ मिमीच्या आसपास जाड असते. ड्रायव्हरच्या पायाखाली टाकली तर क्लच पूर्ण दाबला जात नाही, आणि सरकून पुढं आली तर ॲक्सिलरेटरखाली अडकते. पुढं तीन-चार मिलीमीटरची पातळ मॅट घ्या आणि पेडलच्या बाजूला एक वीतभर मोकळं ठेवून कापा. मॅट बसवल्यावर इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल हातानं तळापर्यंत दाबून बघा.

रंकाळा_जिप्सी
पेडलचं लक्षात आलं नव्हतं. पुढं पातळच घेतो. फ्लोअरची रबरी बुचं काढून ठेवू का, की लावून रंगवू?

रंगकाम_कागल
काढूनच. भोकाच्या आतल्या कडेला बारीक ब्रशनं प्रायमर आणि रंग दोन्ही फिरवा. कापलेली कड उघडी असते, गंज तिथूनच सुरू होतो. बुचं नवीन घ्या, जुनी कडक झालेली परत बसली तरी पाणी धरत नाहीत. बसवताना सिलिकॉन लावू नका, पुढं कधी रंग मारायचा म्हटलं तर त्रास होईल. कोरडीच दाबून बसवा.